कडबा सरल्यावर मेंढरांना काय घालायचं? सुक्या चाऱ्याच्या पर्यायांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

होळी उलटली की माण, खटाव, आटपाडी, सांगोला, जत या सगळ्या पट्ट्यात मेंढपाळांच्या बोलण्यात एकच विषय असतो: बुचाड, म्हणजे कडब्याच्या (ज्वारीच्या वाळलेल्या धाटांच्या) पेंढ्यांची गंजी, संपत आलं, आता पुढं काय? पेंढीचा भाव ऐकून माणूस घाबरतो आणि मिळेल ते आणून टाकतो. मेंढरं उपाशी राहून मरतात त्याहून अशी घाईत बदललेल्या चाऱ्याने मेलेली मी जास्त बघितली आहेत. म्हणून लोक मला जे प्रश्न विचारतात त्यांची उत्तरं इथं एका जागी लिहून ठेवतो.

सुका चारा लागतोच कशाला? मका आणि पेंड घातली तर मेंढरं जगत नाहीत का?

जगत नाहीत. मेंढीचं कोठीपोट, म्हणजे चारा मुरतो ते पहिलं मोठं पोट, चालतं ते काडीवर. काडी चावायला वेळ लागतो, पोटात जाऊन ती रवंथाला परत तोंडात येते, आणि चावता चावता लाळ सुटते. त्या लाळेत सोडा असतो, तोच पोटातलं आम्ल मारतो. नुसता भरडा, म्हणजे भरडलेलं धान्य, घातला की रवंथ थांबतं, लाळ कमी होते, पोटात आंबट साठत जातं आणि जनावर बसतं. म्हणून दिवसभरात पोटात जाणाऱ्या कोरड्या वजनातला निम्म्याहून जास्त भाग चाऱ्याचाच हवा. खुराक, म्हणजे धान्य-पेंड, त्याच्यावरचा.

त्यातही काडी काडीसारखी राहिली पाहिजे. कुट्टी, म्हणजे कापून केलेले चाऱ्याचे तुकडे, एक इंचाच्या आसपास ठेवा. फार बारीक, पिठासारखी केली तर ती पोटात थांबतच नाही, आणि रवंथाचा मुद्दा तिथंच संपतो.

एका मेंढीला दिवसाला किती लागतं?

वजनाच्या साधारण 3 ते 3.5 टक्के, कोरड्या हिशेबात. म्हणजे 30–35 किलोच्या मेंढीला एक किलोच्या वर थोडं. 50 मेंढरांचा वाडा (कळप) पूर्ण बांधून सांभाळायचा तर रोज 50 किलोला कमी नाही, आणि तीन महिन्यांचे साडेचार टन. निम्मं पोट चरून भरत असेल तर तेवढ्याचं निम्मं. हा हिशेब संक्रांतीला करा. चैत्रात केला तर हातात फक्त भाव राहतो.

कडब्याऐवजी सगळ्यात चांगलं काय?

द्विदल पिकांचा भुसा. माझ्या मते यात वादच नाही. कडब्यात प्रथिनं 3–4 टक्के, गव्हाच्या भुसकटात त्याच्याहूनही कमी. भुईमुगाचा वाळलेला वेल, तुरीचं भुसकट, हरभऱ्याचं, मूग-उडदाचं भुसकट हे सगळं त्याच्या वर आहे. भुईमुगाचा पाला शाबूत असलेला वेल मिळाला तर मी कडब्यापेक्षा दोन पैसे जास्त देऊन घेईन. फक्त वेल झटकून घ्या. उपटलेल्या मुळांना माती असते, ती रोज पोटात गेली की खाली साठते.

तुरीचं भुसकट घेताना त्यात पाला आणि शेंगांची टरफलं किती आणि काड्या किती, ते बघा. तुराट्या जळणाला, मेंढराला नाही. हरभऱ्याचं भुसकट मेंढरं आवडीनं खातात. सोयाबीनचं भुसकट, ज्याला विदर्भात कुटार म्हणतात, स्वस्त आणि भरपूर मिळतं. पण शेंगांची टोकं टोचरी असतात आणि मळणीच्या वेळी परतीचा पाऊस गाठतो. भिजून गंजीला लागलेलं कुटार आतून काळं पडलेलं असतं, वरून कळत नाही. ढिगाच्या मध्यात हात घातल्याशिवाय पैसे देऊ नका.

गव्हाचं भुसकट आणि भाताचा पेंढा पोट भरायला ठीक. पेंढ्यात वाळूसारखी सिलिका जास्त असते, पचायला जड जातो. नुसत्या पेंढ्यावर मेंढरू टिकतं, पण पाठीचा कणा हाताला लागायला लागतो. बाजरीचं सरमाड जाड असलं तरी कुट्टी केल्यावर चालतं. मक्याचा कडबा कणीस काढल्यावर लगेच कापला तर चांगला, महिनाभर रानात उभा राहिला तर नुसतं लाकूड.

आम्ही दोन भाग कडबा किंवा सरमाडाची कुट्टी आणि एक भाग द्विदल भुसकट असं मिसळतो. वेगवेगळं टाकलं तर मेंढरं भुसकट वेचून खातात आणि कुट्टी तुडवतात.

उसाचे वाढे चालतात का?

वाढे म्हणजे उसाचे हिरवे शेंडे. चालतात, पण एकटे नाहीत. वाढ्यात ऑक्झलेट असतं. ते पोटात कॅल्शियमला धरून बसतं आणि अंगाला लागू देत नाही. आठवडा-दोन आठवडे काही दिसत नाही. महिना-दोन महिने नुसत्या वाढ्यावर काढले की व्यायलेल्या मेंढीचं दूध आटतं, हाडं कमजोर होतात, नरांना लघवीचा त्रास होतो. वाढे कुट्टी करून, एक दिवस सुकवून, द्विदल भुसकटात मिसळून द्या. चुन्याची निवळी शिंपडायची जुनी पद्धत आहे, ती बरोबर आहे: चुना पाण्यात कालवून रात्रभर ठेवायचा आणि वरचं नितळ पाणी घ्यायचं. खालचा गाळ नको.

परदेशी व्हिडिओत बीट पल्प दाखवतात. आपल्याकडे साखर कारखाने आहेतच, मग उसाचं चिपाड का नाही?

हा प्रश्न फार येतो, आणि नाव जवळचं वाटलं तरी वस्तू वेगळी आहे. बीट पल्प म्हणजे साखरेच्या बीटमधून साखर काढल्यावर उरलेला मऊ लगदा. तो पोटात सहज पचतो, म्हणून थंड देशांत तो गवताच्या जोडीला वापरतात. आपल्याकडे साखर उसाची. उसाचं चिपाड म्हणजे लाकडासारखा कठीण धागा, वाफेची प्रक्रिया केल्याशिवाय त्यातलं फारच थोडं पचतं. शिवाय कारखान्याच्या ढिगातलं चिपाड आंबलेलं, बुरशी आलेलं असतं. मेंढराला ते घालू नका.

द्राक्ष-डाळिंबाच्या छाटणीचा पाला फुकट मिळतो. घालू का?

थांबा. आधी बागायतदाराला विचारा, शेवटची फवारणी कशाची आणि कधी झाली. द्राक्षावर आणि डाळिंबावर बोर्डो मिश्रण मारतात, म्हणजे मोरचूद आणि चुना. मोरचुदात तांबं असतं, आणि तांब्याच्या बाबतीत मेंढी गाईपेक्षा, शेळीपेक्षाही फार नाजूक आहे. तिच्या यकृतात तांबं आठवडे-महिने साठत जातं आणि वरून काहीच दिसत नाही. मग एखादा ताण येतो, प्रवास, कातरणी, उपास, आणि साठलेलं सगळं एकदम रक्तात सुटतं. तांबड्या पेशी फुटतात. डोळ्याची पापणी उलटून बघितली तर आतून हळदीसारखी पिवळी दिसते, लघवी कॉफीच्या रंगाची होते, आणि एक-दोन दिवसांत जनावर जातं.

हे मी घरी भोगलंय. एका वर्षी गाईंसाठीचं खनिज मिश्रण दुकानदाराने “सगळ्या जनावरांना चालतं” म्हणून दिलं आणि आम्ही तीन महिने मेंढरांना चारलं. कातरणी झाली आणि आठ दिवसांत चार मेंढ्या गेल्या. पहिल्या दोघींच्या वेळी आम्ही कावीळ कावीळ म्हणत झाडपाल्याचं औषध पाजत बसलो. डॉक्टरांनी पोतं बघायला मागितलं तेव्हा उलगडा झाला. त्या दिवसापासून पोत्यावर “मेंढ्यांसाठी” असं छापलेलं नसेल तर ते मिश्रण आमच्या वाड्यात येत नाही. कोंबडीचं खाद्य आणि पोल्ट्रीचं खतही मेंढरापासून दूर ठेवा. त्यातही तांबं असतं, आणि खतात मेलेली कोंबडी असली तर आणखी वेगळं विष होतं.

न फवारलेला पाला असेल तर खुशाल घाला, मेंढरं चवीनं खातात.

ज्वारी काढल्यावर फुटवा येतो, त्यावर मेंढरं सोडली तर?

नका सोडू. आपल्याकडे ज्याला किराळ लागणं म्हणतात ते हेच. ज्वारीच्या कोवळ्या पोंग्यात, खोडव्याच्या फुटव्यात आणि पाण्याविना सुकलेल्या, खुरटलेल्या धाटात असं द्रव्य असतं, ज्याचं पोटात सायनाइड होतं. रक्तात प्राणवायू असतो, पण अंगाला तो वापरता येत नाही. म्हणून सुरुवातीला हिरड्या लालभडक दिसतात. जनावर धापा टाकतं, तोंडाला फेस येतो, कोसळतं. हे सगळं काही मिनिटांत होतं. इंजेक्शन असतं, पण डॉक्टर वेळेत पोचले तरच त्याचा उपयोग.

ज्वारी फुलोऱ्यात आली, साधारण 50 दिवसांच्या पुढं गेली की धोका उतरतो. पक्व ज्वारीचा वाळलेला कडबा सुरक्षित. सर्वांत वाईट काळ कोणता, तर दुष्काळात वाळलेल्या ज्वारीवर एक पाऊस पडतो आणि दोन-चार दिवसांत हिरवा फुटवा निघतो तो. उपाशी मेंढरं अशा रानात शिरली की दहा मिनिटं पुरतात.

वाळवलं की सगळंच विष जातं का?

नाही, आणि हा गैरसमज महागात पडतो. ज्वारीतलं वर सांगितलेलं द्रव्य वाळवल्यावर बरंच कमी होतं. नायट्रेट कमी होत नाही. युरियाचा भरपूर हप्ता टाकलेली आणि नंतर पाण्याविना अडकलेली बाजरी किंवा मका असेल, तर धाटाच्या खालच्या भागात नायट्रेट साठलेलं राहतं आणि वाळलेल्या वैरणीतही तसंच असतं. अशी वैरण घ्यावीच लागली तर धाट बुडापासून वीतभर सोडून कापा आणि बाकीचं दुसऱ्या चाऱ्यात मिसळा. मुरघास, म्हणजे हिरवा चारा हवाबंद दाबून आंबवलेला, केला तर नायट्रेट बरंच उतरतं. या विषबाधेत रक्त चॉकलेटी होतं, किराळासारखं लाल नाही. डॉक्टरांना फोनवर हिरड्यांचा रंग सांगितलात तर त्यांचा वेळ वाचतो.

चारा खराब आहे हे ओळखायचं कसं?

नाकानं आणि हातानं. पेंढी सोडून मधल्या काड्या हातावर चोळा. पांढरी-हिरवट धूळ उडाली, कोंदट वास आला, काड्या एकमेकींना चिकटलेल्या निघाल्या की समजा बुरशी आहे. मूठभर कुट्टी मुठीत दाबून सोडा: लगेच मोकळी झाली तर कोरडी, गोळा राहिला तर आत ओल. गंजीत हात घातल्यावर ऊब लागली तर ती गंजी उकरून पसराच.

बुरशीचं विष पेंडीत आणि मक्यात जास्त सापडतं. जुनी भुईमूग पेंड आतून काळी-हिरवी दिसली तर अर्धी टाकून अर्धी घालू, असा विचार करू नका. ऊन दाखवून बुरशी मरते, तिनं आधी सोडलेलं विष जात नाही. गाभण मेंढ्या अशा चाऱ्यानेही गाभडू शकतात.

मुरघास मेंढरांना देता येतो का?

देता येतो, चांगला जमला असेल तर. साधारण 45 दिवसांनी उघडल्यावर आंबट-गोड वास आणि पिवळसर-हिरवा रंग हवा. सडका वास, काळपट थर किंवा बुरशीचे ठिपके असतील तर गाय एखाद वेळी पचवेल, मेंढी नाही. हवा लागलेल्या मुरघासात लिस्टेरियाचे जंतू वाढतात. ते मेंदूवर जातात: मान एका बाजूला, एक कान लोंबलेला, मेंढी एकाच दिशेनं गोल गोल फिरत राहते. म्हणून पिशवी लहान घ्या, उघडल्यावर रोज एक थर काढा आणि वरचा खराब भाग बिनदिक्कत फेका.

भुसकटाला युरिया लावायची पद्धत सुरक्षित आहे का?

नीट केली तर हो, आणि दुष्काळात याइतका फायदा दुसऱ्या कशाचा नाही. 100 किलो कोरडं भुसकट किंवा कुट्टी, 4 किलो युरिया, 40 ते 50 लिटर पाणी. युरिया पाण्यात पूर्ण विरघळू द्या, खडा राहू देऊ नका. ताडपत्रीवर चार-पाच थर करा, प्रत्येक थरावर झारीनं पाणी शिंपडा, पायानं दाबा. मग प्लास्टिकनं हवाबंद झाकून 21 दिवस ठेवा. युरियापासून अमोनिया सुटतो, तो काडी मऊ करतो आणि प्रथिनंही वाढवतो. उघडल्यावर डोळ्याला झोंबेल असा वास येतो. लागेल तेवढंच काढा, तास-दोन तास पसरून वास जाऊ द्या, मग घाला. पहिल्या दिवशी मूठभर, दहा दिवसांत पूर्ण.

सहा महिन्यांच्या आतल्या कोकरांना नाही. उपाशी किंवा आजारी मेंढीला नाही. आणि ज्या घमेल्यात, पिंपात युरिया कालवला ते तिथंच उलटं करून ठेवा. तहानलेल्या मेंढरानं तळाचं पाणी प्यायलं की अर्ध्या तासात थरथर, फेस, पोटफुगी सुरू होते. चाऱ्याने नव्हे, या पिंपातल्या पाण्याने वाडे रिकामे झालेले आहेत.

सुबाभूळ, बाभळीच्या शेंगा, वेडी बाभूळ: यातलं काय घालावं?

सुबाभळीत प्रथिनं भरपूर, पण मिमोसिन नावाचं द्रव्यही असतं. एकूण चाऱ्याच्या पाव भागापर्यंत ठीक, त्यापुढं लोकर गळायला लागते. हातानं ओढली की झुबके निघतात.

बाभळीच्या शेंगा उन्हाळ्यात पिकून गळतात, धनगरांना हे वेगळं सांगायला नको. आकडी घेऊन झाड झोडपणारी माणसं प्रत्येक गावात आहेत. त्या चांगल्याच, फक्त तुरटपणामुळं मर्यादेत. वेड्या बाभळीच्या पिकलेल्या पिवळ्या शेंगा गोड असतात, त्या भरडून खुराकात थोड्या मिसळाव्यात. अख्ख्या घातल्या तर बी लेंडीतून सगळीकडं पसरतं. आणि महिनोन्‌महिने मुख्य खाणं म्हणून त्याच शेंगा घातल्या तर जबडा आणि जीभ लुळी पडते.

रानात कशापासून जपायचं?

कण्हेर, घाणेरी, धोतरा, एरंड, रुई. पोट भरलेलं मेंढरू याला तोंड लावत नाही, उपाशी लावतं. कण्हेरीची थोडी पानंही जीव घेतात, म्हणून बंगल्यांच्या कुंपणाची छाटलेली फांदी कधीही वाड्यात टाकू नका. घाणेरी खाल्ल्यावर कावीळ होते आणि उन्हात कातडी सोलते. कपाशीच्या रानात बसायचं असेल तर शेवटची फवारणी कधी झाली ते मालकाला विचारूनच. आणि कुसळी गवत कुसळं धरायच्या आधी कापा. नंतर ती लोकरीतून कातडीत, हिरड्यांत रुततात.

अझोला किंवा ट्रेमधला हिरवा मका सुक्या चाऱ्याची जागा घेतो का?

नाही. अझोला ही पाण्यावर वाढणारी छोटी वनस्पती, तिच्यात नव्वद टक्क्यांच्या वर पाणी असतं. जोडीला चांगलं, पण काडीचं काम ते करत नाही.

नवा चारा किती दिवसांत बदलायचा?

दहा दिवस. पहिले तीन दिवस पाव भाग नवा, पुढचे तीन अर्धा, मग पाऊण, मग पूर्ण. पोटातले जंतू चाऱ्यानुसार बदलतात, त्यांना एवढा वेळ लागतो. अचानक बदल केला की आंत्रविषार, म्हणजे आतड्यात विष तयार होणारा रोग, होतो, आणि त्यात कळपातली सर्वांत धष्टपुष्ट कोकरं आधी जातात. त्याची लस पावसाळ्याआधी टोचून घ्या.

सुगीनंतर कणसं पडलेल्या रानात मेंढरं सोडायची असतील तर आधी वाड्यात सुका चारा घाला, मग तासाभरासाठी सोडा. लग्नातला उरलेला भात, चपात्या टोपलीभर आणून टाकणं म्हणजे मेंढराला आम्ल पाजणं आहे. देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण हात जोडून नाही म्हणा.

ईदसाठी पाळलेल्या नराची लघवी अडकली. चाऱ्याचा काही संबंध आहे का?

आहे. कोंड्यात आणि धान्यात फॉस्फरस जास्त, कॅल्शियम कमी. लवकर वजन यावं म्हणून रोज गव्हाचा कोंडा आणि भरडा घातला की नरांना मुतखडा होतो. नर पाय ताणून कण्हतो, थेंब थेंब येतो किंवा येतच नाही. ही तातडीची वेळ आहे, सकाळची वाट बघू नका. 1962 या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी फोन लागतो. पुढं होऊ नये म्हणून कोंडा कमी, भुईमुगाचा वेल किंवा तुरीचं भुसकट जास्त, खुराकात मीठ आणि सावलीत भरपूर पाणी.

कोकरांना सुका चारा कधीपासून?

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून समोर टांगून ठेवा. ती आधी नुसती चघळतात, पण कोठीपोट त्यामुळंच तयार होतं. कोवळा, पानाचा भाग द्या: भुईमुगाचा पाला किंवा वाळवलेला लसूणघास. सरकी पेंड लहान कोकरांना नको, त्यातलं गॉसिपॉल त्यांना बाधतं.

पुढच्या वर्षी ही वेळ येऊ नये म्हणून बांधावर काय लावू?

पाणी थोडं असेल तर शेवरी, हादगा आणि दशरथ घास. दशरथ घास एकदा लावला की काही वर्षं कापत राहता येतो, आणि लसूणघासासारखं पोट फुगवत नाही. कोरडवाहू बांधाला मारवेल. फुलोऱ्याला येतानाच कापा, दोन दिवस सावलीत उलटंपालटं करून वाळवा, म्हणजे पान गळत नाही आणि रंग हिरवा राहतो. कडक उन्हात आठवडाभर पडलेलं गवत पिवळं होतं, आणि पान गळून नुसती काडी उरते. बांधलेल्या पेंढ्या जमिनीवर रचू नका, खाली दगड आणि वर लाकडाच्या फळ्या टाका. वाळवी आणि ओल दोन्ही तिथूनच चढतात.